केसपेपरच्या खिडकीवर तो काय सांगणार?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



मी २८ वर्षे तालुक्याच्या गावात सर्जन म्हणून काम करतो आहे. हर्निया, अपेंडिक्स, हायड्रोसील, ऊसतोडीत कोयता लागलेले हात, मोटरसायकलवरून पडून फुटलेली डोकी, हे माझे रोजचे काम. आज ज्या दुखापतीबद्दल लिहितो आहे तिचे नाव मात्र माझ्या दवाखान्यात आजवर एकाही रुग्णाने स्वतःहून घेतलेले नाही. कोणी 'खाली लागलंय' म्हणतो, कोणी 'नाजूक जागा' म्हणतो, कोणी काहीच न बोलता लुंगीची गाठ सैल करतो आणि भिंतीकडे तोंड फिरवतो. वैद्यकीय भाषेत याला लिंगाचे फ्रॅक्चर म्हणतात. हे नाव असे उघड लिहिल्याबद्दल मी कोणाची क्षमा मागणार नाही. ते न घेतल्यामुळे माणसांचे काय होते, तेच सांगायला हे पत्र आहे.

मागच्या पावसाळ्यातला एक शुक्रवार. ओपीडी आटोपत आली होती. हातात हिरवा चुडा असलेली विशीतली एक मुलगी दारात आली आणि सिस्टरला म्हणाली, "यांना डॉक्टरांशी एकट्यानंच बोलायचंय." 'हे' बाहेर बाकावर मान खाली घालून बसले होते. लग्नाला दोन महिने झालेले. तपासायला घेतले तेव्हा लिंग सुजून, काळेनिळे पडून भरताच्या वांग्यासारखे झाले होते. आमच्या पुस्तकांतही वांग्याचीच उपमा आहे. घडले होते सोमवारी रात्री. मधल्या चार दिवसांचा हिशेब मी त्याच्याकडून काढून घेतला आणि केसपेपरच्या पाठीमागे लिहून ठेवला. तो तसाच आपल्यापुढे मांडतो.

सोमवारी रात्री 'कट्' असा आवाज झाला, कळ मस्तकात गेली, ताठरता त्या क्षणी गेली आणि थोड्याच वेळात सूज चढली. पहाटेपर्यंत तो मोरीत गार पाणी ओतत बसला. मंगळवारी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, दुकानदाराला 'पाठ भरलीय' असे सांगून. बुधवारी गावातल्या डॉक्टरांकडे गेला, तिथे शेजारच्या बायका बसलेल्या दिसल्या, तसाच परत फिरला. गुरुवारी एसटीने सरकारी रुग्णालयात गेला. रांगेतून सरकत केसपेपरच्या खिडकीशी पोचला. आतून रोजचे प्रश्न आले. नाव? वय? गाव? आणि मग, काय होतंय? मागे पंचवीस-तीस माणसे उभी होती. त्यांत त्याच्याच गावच्या दोघी, एक तर नात्यातली. तो म्हणाला, "पोटात दुखतंय." कागदावर पोटदुखी लिहिली गेली, त्याला मेडिसिनच्या ओपीडीत पाठवले, तिथे गर्दीत पोट दाबून पाहिले आणि तो पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी आला. शुक्रवारी बायकोने हाताला धरून माझ्याकडे आणले.

खिडकीतल्या त्या माणसाला मी दोष देत नाही. दिवसभरात शेकडो वेळा विचारायचा प्रश्न तो आणखी कोणत्या आवाजात विचारणार? पण चारातला एक अख्खा दिवस त्या एका प्रश्नाने खाल्ला, हेही खरे.

हे फ्रॅक्चर म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण बहुतेकांना फ्रॅक्चर म्हटले की हाड आठवते. लिंगात हाड नसते. आत स्पंजासारख्या दोन नळ्या शेजारी शेजारी असतात. ताठरतेत त्यांत रक्त भरते आणि त्यांच्याभोवतीचे पांढरे, चिवट वेष्टन ताणले जाते. एरवी हे वेष्टन सुमारे २ मिलिमीटर जाड असते, ताठरतेत ते अर्ध्या मिलिमीटरइतके, कधी त्याहूनही पातळ होते. अशा वेळी वेडावाकडा दाब आला की ते फाटते. संभोगात घसरून जोडीदाराच्या ओटीपोटाखालच्या हाडावर आदळणे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण. झोपेत कूस बदलताना होते. दार वाजले म्हणून घाईने दाबून टाकताना होते, आणि एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरांत दार सारखेच वाजते. यात ना चारित्र्याचा प्रश्न आहे, ना विकृतीचा. पाय मुरगळावा तशी ही दुखापत आहे, एवढेच की मुरगळलेला पाय माणूस चारचौघांत दाखवतो.

इराणच्या पश्चिम भागात करमानशाह नावाचे शहर आहे. तिथे लिंग हाताने मुद्दाम वाकवून बोटे मोडल्यासारखा आवाज काढण्याची सवय पुष्कळ पुरुषांना असते, आणि त्यात काही धोका आहे असे त्यांना वाटत नाही. त्यामुळे ही दुखापत तिथे जगात इतर कुठे दिसणार नाही इतकी दिसते. तिथले सर्जन जवाद जरगूशी यांनी २००० साली १७२ रुग्णांचा आणि २००९ साली ३५२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, १८ वर्षे माग ठेवून. एका शहरातल्या एका डॉक्टरने लाजेचा विषय वहीत नीट नोंदवत नेला आणि त्यातून जगभरच्या सर्जनांना शिकायला मिळाले. आपल्याकडे हे रुग्ण नाहीत असे नाही, आपल्याकडे ते पोटदुखी म्हणून नोंदले जातात.

आता वेळेबद्दल. या पत्रातली मुख्य गोष्ट तीच आहे.

वेष्टन फाटले की रक्त बाहेर येऊन कातडीखाली साचते. पहिल्या दिवशी गुठळ्या मऊ असतात. सुंता करताना छेद घेतात त्याच जागी गोल छेद घ्यायचा, पायमोजा उतरवावा तशी कातडी मागे सरकवायची, गुठळ्या धुऊन काढायच्या, की फाट समोर दिसते. बहुधा आडवी, एक-दोन सेंटिमीटरची. तिच्या कडा विरघळणाऱ्या धाग्याने शिवायच्या, सलाईन भरून गळत नाही ना हे पाहायचे आणि कातडी जागेवर आणून टाके घालायचे. कमरेत इंजेक्शन देऊन भूल, तासाभराचे काम. रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, पुढचा महिना-दीड महिना संबंध टाळायचा. यासाठी लाखो रुपयांचे यंत्र लागत नाही. हर्निया करणाऱ्या सर्जनच्या हाताला जमेल असेच हे काम आहे.

दिवस जातात तशा गुठळ्या घट्ट होतात, आतले पडदे एकमेकांना चिकटतात आणि न शिवलेली फाट आपल्या पद्धतीने भरून येते, म्हणजे तिथे व्रण धरतो. व्रण ताणला जात नाही. पुढे ताठरता आली की बाकीचे वेष्टन ताणले जाते, तेवढी जागा आखडून राहते, आणि लिंग वाकते. दुखते. काहींची ताठरता कमी होते. गार पाण्याच्या पट्ट्या, दाबपट्टी आणि गोळ्या यांवर ही दुखापत बरी करण्याची पद्धत जगभर कित्येक वर्षे चालली, ती मागे पडली ती याच अनुभवाने. २०१६ साली ५८ अभ्यासांतल्या ३,२१३ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांत वाकडेपणा, वेदना आणि ताठरतेच्या तक्रारी स्पष्टपणे कमी होत्या आणि लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत गुंतागुंत उशिरा झालेल्यांपेक्षा कमी. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की लक्षणे दिसली की विलंब न लावता उघडून शिवा.

पण 'लवकर' या शब्दाचाही आमच्यात घोळ आहे. वृषणाला पीळ पडला तर साधारण सहा तासांत तो सोडवावा लागतो, नाहीतर वृषण काढायची वेळ येते. लिंगाच्या फ्रॅक्चरचे घड्याळ इतके निर्दय नाही. पहिल्या २४ तासांत शिवले तर उत्तमच. रात्री दोनला भूलतज्ज्ञ मिळाला नाही आणि सकाळी आठला शस्त्रक्रिया झाली, तर त्या सहा तासांनी काही बिघडत नाही. चार दिवसांनी, आठवड्याने आलेल्या रुग्णांनाही शिवून चांगले निकाल आल्याचे अनेक सर्जनांनी नोंदवले आहे. काहींचे तर म्हणणे असे की सूज थोडी उतरली की फाट बोटाला नेमकी लागते आणि लहान छेदात काम होते. मी स्वतः या मताचा नाही, पहिल्या दिवसाचे काम सोपे असते असाच माझा अनुभव आहे. पण आठवड्याने आलेल्या रुग्णाला 'आता उशीर झाला, काही होणार नाही' असे सांगून परत पाठवणे चूक आहे, आणि ते मी कानांनी ऐकले आहे. लाजेने चार दिवस घालवलेला माणूस महत्प्रयासाने दारात येतो आणि आपण त्याला त्याच्याच उशिराचा दाखला देतो.

एका गोष्टीत मात्र थांबायला जागा नाही. दुखापतीनंतर टोकाशी रक्त दिसले, लघवी लाल झाली किंवा अडली, तर मूत्रमार्गही फाटलेला असू शकतो. अशा वेळी कॅज्युअल्टीत अंदाजाने लघवीची नळी ढकलू नये आणि युरॉलॉजिस्ट असलेल्या ठिकाणी रुग्ण त्याच दिवशी पोचला पाहिजे. उलट, मूत्रमार्ग शाबूत असलेल्या साध्या फाटेसाठी सव्वाशे किलोमीटरवरच्या शहराची चिठ्ठी लिहिण्याचे कारण नाही. आपल्या चिठ्ठ्या नेमक्या उलट्या चालतात. ग्रामीण रुग्णालय उपजिल्हा रुग्णालयाकडे, तिथून जिल्हा रुग्णालयाकडे, तिथून मेडिकल कॉलेजकडे, आणि प्रत्येक दारात पुन्हा नवा केसपेपर, पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या चिठ्ठीला रुग्ण घरी जातो.

मंत्रिमहोदय, यात मी स्वतःला बाहेर ठेवत नाही. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, नुकताच सर्जन झालो होतो तेव्हा, एक ट्रॅक्टरचालक रात्री माझ्याकडे आला. आठवड्याने किंवा चार दिवसांनी नव्हे, घडल्यावर तीन तासांत आला. इतक्या वेळेवर आलेला रुग्ण मला नंतर क्वचितच मिळाला. आणि मी त्याला बर्फ, दाबपट्टी आणि गोळ्या दिल्या. पाहिले तसे केले होते, नव्या अभ्यासांचा तेव्हा मला गंध नव्हता. आठ महिन्यांनी तो परत आला. डाव्या बाजूला वाळल्या हरभऱ्याएवढी टणक गाठ, आणि ताठरतेत लिंग तिकडे वाकत होते, इतके की संबंध अशक्य. बायको माहेरी गेली होती. तो चिडला नाही. शर्टाची बटणे लावत त्याने विचारले, "डॉक्टर, त्याच रात्री काही करता आलं असतं का?" मी हो म्हणालो. तो मान हलवून गेला. त्यानंतर अशा एकाही रुग्णाला मी बर्फ लावून घरी पाठवलेले नाही, पण त्या माणसाला त्याचा काय उपयोग?

म्हणून मी रुग्णांच्या लाजेला एकटीला दोष देत नाही. लाज तर आपणच शिकवली. एसटी स्टँडच्या मुतारीत 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' असे लिहिलेले कागद चिकटवलेले असतात. तालुक्याच्या गावात या अवयवाबद्दल उघड्यावर छापलेला मजकूर एवढाच. शासनाचे एकही पोस्टर नाही. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून शेवटपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, त्याच महाराष्ट्रातली ही गोष्ट आहे. अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. शरीराबद्दल मराठीत स्पष्ट बोलता येते, हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे. आपणच मागे सरकलो.

दवाखान्यातही सगळे शहाणे असतात असे नाही. असा रुग्ण आला की कॅज्युअल्टीत कुजबुज होते, वॉर्डातले मामा एकमेकांना खुणावतात, कोणीतरी हसते. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर फोटो काढण्याची भर पडली आहे. 'केस इंटरेस्टिंग आहे' म्हणून तो फोटो ग्रुपवर जातो. उघड्या अंगाने टेबलावर पडलेल्या माणसाला ते कळत नाही असे समजू नका. माझ्या एका रुग्णाने पहिला प्रश्न विचारला होता तो आपण बरे होऊ का, हा नव्हता. "कोणी फोटो काढणार नाही ना?" असे त्याने विचारले होते.

आपल्याकडे माझे मागणे मोठे नाही. नवी इमारत नको, नवे पद नको.

केसपेपरच्या खिडकीवर आजार विचारणे बंद करता येईल. नाव, वय, गाव आणि कोणत्या विभागात जायचे, एवढे पुरे. बाकीचे डॉक्टर विचारतील, पडद्याआड. ज्याला विभागही ठरवता येत नाही त्याच्यासाठी एक सिस्टर बाजूच्या खोलीत बसवता येईल. याचा फायदा फक्त माझ्या रुग्णांना होणार नाही. अंगावरून जाणाऱ्या बायका, मूळव्याधीची माणसे, झटके येणाऱ्या मुलांचे आईबाप, सगळे त्या खिडकीवर खोटे बोलतात.

जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत एक पानाचे परिपत्रक प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लागावे. त्यात एवढेच असावे: आवाज, ताठरता अचानक जाणे, सूज आणि काळेनिळेपणा ही चार चिन्हे असली तर निदान हातानेच होते, सोनोग्राफीची वाट पाहत दिवस घालवू नये. शंका असेल तरच सोनोग्राफी, कारण कधी कधी वरची शीर फुटूनही असेच दिसते आणि तिथे वेष्टन शाबूत असते. लघवीत रक्त असेल तर पुढे पाठवा, नसेल आणि सर्जन हजर असेल तर इथेच शिवा. उशिरा आला तरी परत पाठवू नका. आणि फोटो काढू नका. जिल्हा रुग्णालयांतल्या जनरल सर्जनसाठी एका दिवसाचे प्रशिक्षण मेडिकल कॉलेजचे युरॉलॉजी विभाग सहज घेऊ शकतील. मला स्वतःला हे एका ज्येष्ठाने एका दुपारी शिकवले.

आरोग्य सल्ल्याचा १०४ क्रमांक आहेच. मध्यरात्री मोरीत बसलेल्या माणसाला त्या क्रमांकावर 'उद्या सकाळी सर्जनकडे जा, तेल चोळू नका, सरळ करायला जाऊ नका' असे कोणीतरी न हसता सांगितले तर चार दिवसांचा एक दिवस होतो. तेल चोळणारे मी पाहिले आहेत. हळदीचा लेप लावून वर कापड आवळणारेही पाहिले आहेत.

त्या शुक्रवारच्या मुलावर मी संध्याकाळीच शस्त्रक्रिया केली. गुठळ्या चिकटल्या होत्या, पाऊण तास त्या सोडवण्यातच गेला. फाट उजव्या बाजूला, दीड सेंटिमीटर. रविवारी तो घरी गेला. तीन महिन्यांनी दोघे आले तेव्हा ती बोलली, तो नुसता हसला. वाकडेपणा नाही. तिने त्याला हाताला धरून आणले नसते तर काय झाले असते, ते मी त्या ट्रॅक्टरचालकात पाहिलेले आहे. आणि प्रत्येकाला अशी बायको असतेच असे नाही. अविवाहित मुले तर आईलाही सांगत नाहीत.

हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्या वाचकांना एक सांगतो. असे काही झाले तर खिडकीवर सगळे सांगायची गरज नाही. "मार लागलाय, सर्जनना दाखवायचंय," एवढेच म्हणा. ते खोटे नाही आणि ते पुरेसे आहे.

मंत्रिमहोदय, एवढ्या वाक्यावर माणूस सर्जनपर्यंत पोचेल, अशी व्यवस्था आपण करा.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक सर्जन